गोठ्यातली जुनी राजदूत, येझदी, आरएक्स भंगारात देण्याआधी हे वाचा : गाडीची ओळख, कागदपत्रं आणि विक्रीची सगळी माहिती

तालुका प्रतिनिधी

गेल्या दोन-तीन वर्षांपासून आपल्या भागातल्या वाड्या-वस्त्यांवर एक नवीन प्रकारचा गिऱ्हाईक फिरायला लागला आहे. छोटा हत्ती किंवा पिकअप घेऊन येतो, पारावर चहा पितो आणि सहज विचारतो, "इकडं कुणाकडं जुनी गाडी पडलीय का? राजदूत, येझदी, यामाहा, काहीही चालेल." कुणीतरी गोठ्याकडं बोट दाखवतं. वैरणीच्या खाली, कोंबड्यांनी घाण केलेली, दोन्ही टायर बसलेली गाडी बाहेर निघते. दोन-चार हजारात सौदा होतो आणि घरातल्या लोकांना वाटतं, बरं झालं, अडगळ गेली.

तीच गाडी पुढं पुण्या-मुंबईला किंवा बंगळुरूला जाते, साफसूफ होते, रंगते आणि हौशी माणूस तिला नव्या गाडीएवढे, कधी त्याहून जास्त पैसे मोजतो. व्यापाऱ्यानं कमवू नये असं कुणी म्हणत नाही. गाडी शोधायची, वाहून न्यायची, दुरुस्त करायची, त्याचे पैसे त्याला मिळायलाच हवेत. पण आपल्याकडं काय आहे हे आपल्यालाच माहीत नसावं, आणि कागद न करता गाडी दिल्यानं पुढं कोर्टाची पायरी चढावी लागावी, हे टाळता येतं. त्यासाठी ही माहिती एका ठिकाणी देत आहोत.

आधी माझ्या घरची गोष्ट

आमच्या वडिलांनी १९८९ साली येझदी रोडकिंग घेतली होती. गावात तिचा आवाज आला की आई चूल पेटवायची, एवढा तो ओळखीचा. पुढं घरात नवीन गाडी आली आणि येझदी गोठ्यात गेली. तिचं पासिंग संपलं, विमा संपला. २०१५ मध्ये एक व्यापारी आला. सात हजार रुपये रोख दिले. वडिलांनी आरसी बुक दिलं, त्यानं पुढं केलेल्या दोन कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या. पावती नाही, त्याचं आधार नाही, गाडीसोबत एक फोटोसुद्धा नाही.

तीन वर्षांनी दुसऱ्या जिल्ह्यातून नोटीस आली. त्या गाडीनं एका माणसाला धडक दिली होती, त्याचा पाय मोडला होता. गाडीला विमा नव्हता आणि आरसीवर नाव वडिलांचंच होतं. भरपाईच्या दाव्यात ते सामनेवाले झाले. सत्तरी ओलांडलेला माणूस एसटीनं तारखेला जायचा. व्यापाऱ्याचा नंबर बंद. शेवटी तिसऱ्या हातात गेलेला खरेदीदार सापडला, तडजोड झाली, पण वकील, प्रवास आणि तडजोडीतला आमचा वाटा मिळून उसाच्या एका बिलाला चांगलंच भगदाड पडलं. वडील आजही म्हणतात, "गाडी विकली नाही बाबा, नुसती नजरेआड केली."

ही चूक आमचीच होती. म्हणून पुढची माहिती नीट वाचा.

कोणत्या गाडीला हौशी लोक विचारतात?

जावा आणि येझदी : जावा ही मूळची झेकोस्लोव्हाकियाची कंपनी. म्हैसूरला आयडियल जावा या कारखान्यात १९६१ पासून त्यांच्या गाड्या बनू लागल्या. सत्तरच्या दशकात नाव बदलून येझदी झालं. रोडकिंग हे मॉडेल १९७८ चं. १९९६ मध्ये कारखान्यातलं उत्पादन थांबलं. २५० सीसी, टू-स्ट्रोक, एकच सिलेंडर पण सायलेन्सर दोन, ही तिची लांबून ओळख. दुसरी ओळख म्हणजे किक आणि गिअर एकाच दांड्यावर. किक मारून झाली की तोच दांडा पुढं घ्यायचा, तो गिअर होतो. महिंद्राच्या भागीदारीतल्या कंपनीनं २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी हे नाव पुन्हा बाजारात आणलं, पण त्या गाड्या वेगळ्या, फोर-स्ट्रोक. हौशी लोक मागतात ती जुनी म्हैसूरची. दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले देशभर एकत्र येऊन गाड्या काढतात, यावरून या गाडीवरचा जीव कळतो.

राजदूत १७५ : एस्कॉर्ट्स कंपनीची. मूळ नकाशा पोलंडच्या एसएचएल गाडीचा. साठच्या दशकात आली आणि खेड्यात दूधवाल्यांची, ग्रामसेवकांची, फिरत्या मास्तरांची गाडी झाली. पुढच्या चाकाचं सस्पेन्शन नेहमीच्या सरळ नळ्यांचं नाही, वेगळ्या आडव्या दांड्यांचं आहे, ती ओळख. हिचीच छोटी बहीण 'जीटीएस'. १९७३ च्या 'बॉबी' सिनेमात दिसली म्हणून लोक तिला 'बॉबी राजदूत' म्हणतात. साध्या राजदूतपेक्षा बॉबी कमी दिसते, त्यामुळं तिला मागणी जास्त.

राजदूत ३५० : नाव राजदूत, पण ही गाडी पूर्ण वेगळी. यामाहाच्या आरडी ३५० वरून एस्कॉर्ट्सनं १९८३ पासून साधारण १९८९ पर्यंत बनवली. दोन सिलेंडर, ३४७ सीसी, सहा गिअर. सुरुवातीच्या 'एचटी' प्रकाराची ताकद ३०.५ अश्वशक्ती होती, नंतरच्या 'एलटी'ची २७ च्या आसपास. त्या काळात पेट्रोल पिते म्हणून लोकांनी नाकं मुरडली. आज जुन्या भारतीय गाड्यांत हिच्यामागं लागणारे सगळ्यात जास्त. गोठ्यात दोन सिलेंडरची राजदूत असेल तर फोनवर 'हो' म्हणू नका. आधी दोन-तीन ठिकाणी विचारा.

यामाहा आरएक्स १०० : १९८५ ते १९९६. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, वजन शंभर किलोच्या आसपास. आवाज आणि उचल यासाठी पोरं वेडी आहेत. प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर बंद झाली. नंतर आलेल्या आरएक्स-जी आणि आरएक्स १३५ यांनाही मागणी आहे, पण शंभरचा मान वेगळा. म्हणूनच फसवाफसवीही हिच्यातच जास्त. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

जुनी बुलेट : बुलेट मूळची इंग्लंडची. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया सुरू झाली आणि लष्कर, पोलिसांपासून सगळीकडं गाडी पोहोचली. ३४६ सीसीचं बिडाचं इंजिन, उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक, हँडलजवळ डिकॉम्प्रेशनची छोटी दांडी आणि हेडलाइटवर अँपिअरचा काटा, ही जुन्या बुलेटची लक्षणं. काटा मधोमध आणून किक मारायची कला ज्यांना येते ते आजही गावात मानानं सांगतात.

डिझेल बुलेट : ही आपल्या ग्रामीण भागाची खास गाडी. 'टॉरस' नावानं एन्फिल्डनं विकली. ३२५ सीसी डिझेल इंजिन, ताकद जेमतेम साडेसहा अश्वशक्ती, पण ॲव्हरेज पेट्रोल बुलेटच्या दुप्पट. हळू चालते, धडधडते, धूर सोडते. कंपनीनं बनवलेली खरी डिझेल बुलेट आणि गावातल्या मेस्त्रीनं डिझेल पंपाचं इंजिन बसवलेली बुलेट यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आरसीवर इंधन 'डिझेल' लिहिलं असेल तरच ती खरी.

सुझुकी, कावासाकी, हिरो होंडा : इंड-सुझुकी एएक्स १००, टीव्हीएस सुझुकीच्या सामुराई आणि शोगन, कावासाकी बजाजची केबी १००, १९८५ ची हिरो होंडा सीडी १००. यातल्या शोगनला पोरांची चांगली मागणी आहे. सीडी १०० भरपूर बनल्या, त्यामुळं फार चांगल्या स्थितीत असेल तरच कुणी विचारतं.

स्कूटर आणि मोपेड : बजाज चेतक १९७२ पासून आकुर्डीत बनली. लुना तर आपल्या नगरच्या मातीतली. कायनेटिक इंजिनिअरिंगनं १९७२ मध्ये ५० सीसीची लुना आणली आणि शिक्षिका, नर्सबाई, छोटे व्यापारी यांना पहिल्यांदा स्वतःची गाडी मिळाली. मुंबईच्या एपीआय कंपनीची लॅम्ब्रेटा अजून कुणाकडं असेल तर जपून ठेवा.

इंग्रजांच्या काळातल्या गाड्या : बीएसए, नॉर्टन, मॅचलेस, ट्रायम्फ. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याकडं बीएसए एम-२०, नॉर्टन १६-एच अशा गाड्या होत्या. युद्ध संपल्यावर त्यातल्या काही भारतातच विकल्या गेल्या. जुन्या वाड्यात, डॉक्टरांच्या किंवा पाटलांच्या घरी एखादी निघते. अशी गाडी असेल तर तिचा एक नटसुद्धा भंगारात टाकू नका.

भाव कशावर ठरतो?

या गाड्यांना मार्केट यार्डासारखा रोजचा भाव नाही. एकच मॉडेल एका गावात पाच हजाराला जातं आणि दुसऱ्या गावात दहापट होतं. पण घेणारा माणूस पाहतो त्या गोष्टी ठरलेल्या आहेत :

१. कागद. आरसी घरच्याच नावावर, पासिंग चालू किंवा करता येण्यासारखं, कर्जाचा बोजा नाही. कागद नसलेली गाडी म्हणजे नुसते सुटे भाग.

२. नंबर जुळणं. चेसी नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही आरसीप्रमाणे. इंजिन बदललं असेल आणि आरसीवर नोंद नसेल तर भाव निम्म्यावर येतो.

३. मूळ भाग. टाकीवरचे बिल्ले, स्पीडोमीटर, कार्बोरेटर, हेडलाइटची काच, सायलेन्सर, सीट, टूलकिट, कुलपाचं पेट्रोल झाकण. हे भाग आता नवीन मिळत नाहीत, मिळाले तरी नकली मिळतात.

४. मूळ रंग. विकण्याआधी गाडी चमकवावी म्हणून पुष्कळ लोक गॅरेजमध्ये नेऊन रंग मारून घेतात. हे करू नका. खराब झालेला पण कंपनीचा रंग हौशी माणसाला जास्त आवडतो. ताज्या रंगाखाली गंज आणि पॅचवर्क लपवलंय का, अशी त्याला शंका येते.

५. गाडीची गोष्ट. खरेदीची पावती, जुना विमा, पहिलं आरसी बुक, गाडीसोबतचा आजोबांचा फोटो. हे सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. याचेही पैसे होतात.

पडून असलेली गाडी लगेच किक मारू नका

दहा-पंधरा वर्षं उभी असलेली गाडी 'चालू होते का बघू' म्हणून पोरं जोरात किक मारतात. पिस्टन गंजून सिलेंडरला चिकटलेला असेल तर तिथंच नुकसान होतं. आधी स्पार्क प्लग काढा, त्या भोकातून थोडं इंजिन ऑइल सोडा आणि एक-दोन दिवस राहू द्या. मग गाडी गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानं हळू फिरवून बघा. फिरलं तर निम्मी लढाई जिंकली.

टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. आत बॅटरी मारून गंज किती आहे ते पाहा. एअर फिल्टर आणि सायलेन्सरमध्ये उंदरांची घरटी असतात, वायरी कुरतडलेल्या असतात. गोठ्यातली गाडी ओढून काढताना सीटखाली हात घालण्याआधी काठीनं चाळवा. विंचू-साप तिथंच बसतो.

टू-स्ट्रोक गाडी सुरू करायची असेल आणि तिला वेगळा ऑइल पंप नसेल, तर पेट्रोलमध्ये टूटी ऑइल घातल्याशिवाय सुरू करू नका. कंपनीच्या पुस्तकात दिलेलं प्रमाण वापरा. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि कार्बोरेटरची वॉशर खराब करतं. ती बदलून घ्या, आणि गाडी परत उभी करणार असाल तर टाकीत पेट्रोल ठेवू नका.

कागदपत्रं : कोणत्या अडचणीला काय उपाय

आरसी हरवलंय : पोलिस ठाण्यात हरवल्याची नोंद करा. तिची प्रत घेऊन आरटीओकडं फॉर्म २६ वर डुप्लिकेट आरसीसाठी अर्ज करा.

गाडी वडिलांच्या नावावर आणि वडील वारले : मृत्यूनंतर वारसानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ वर नाव बदलून घ्यायचं, असा नियम आहे. उशीर झाला तरी अर्ज होतो, दंड लागतो. मृत्यूचा दाखला, वारसांचे कागद आणि बाकी वारसांची संमती लागते. इथं भावकीचा विषय येतो. थोरल्यानं परस्पर गाडी विकली आणि धाकट्यानं किंवा बहिणीनं हरकत घेतली, असं होतं. आधी घरात बसून ठरवा, संमती लिहून घ्या, मगच गिऱ्हाईक आणा. मेलेल्या माणसाची सही कुणी 'मारून' देत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. तो गुन्हा आहे आणि अडकणार तुम्ही.

पासिंग संपलंय : खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढं दर पाच वर्षांनी फॉर्म २५ वर नूतनीकरण, ज्याला आपण रिपासिंग म्हणतो. एप्रिल २०२२ पासून दुचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क १,००० रुपये झालं. ऑगस्ट २०२५ च्या बदलात २० वर्षांपुढच्या दुचाकीसाठी ते २,००० रुपये केलं गेलं. उशीर झाला तर महिन्याप्रमाणे जादा शुल्क आणि राज्याचा पर्यावरण कर वेगळा. सौदा करण्याआधी ही सगळी बेरीज आरटीओत विचारून घ्या आणि ती कोण भरणार ते गिऱ्हाइकाशी ठरवा.

जुना तीन अक्षरी नंबर : १ जुलै १९८९ ला मोटार वाहन कायदा १९८८ लागू झाला आणि आपल्याकडं 'एमएच' नंबर सुरू झाले. त्याआधी 'एम'नं सुरू होणारे तीन अक्षरांचे नंबर होते. या गाड्यांची माहिती बऱ्याचदा ऑनलाइन दिसत नाही. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून बघा. सापडला नाही तर मूळ आरसी बुक घेऊन ज्या आरटीओत गाडी नोंदली तिथं जा आणि 'बॅकलॉग एंट्री' करून घ्या. तोपर्यंत नाव बदलणार नाही, विमाही नीट निघणार नाही.

बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा : कर्ज केव्हाच फिटलं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच आहे, हे खूप दिसतं. बँकेकडून नाहरकत पत्र घेऊन फॉर्म ३५ भरा.

कागदच नाहीत : मग गाडी म्हणून विकू नका. 'मी कागद बसवतो' म्हणणारा माणूस दुसऱ्या मेलेल्या गाडीचं आरसी घेऊन तिचा नंबर तुमच्या चेसीवर ठोकणार. हा सरळ गुन्हा आहे.

विकताना कायद्यानं काय करायचं

मोटार वाहन कायद्यात 'मालक' म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. गाडी कुणाच्या ताब्यात आहे, पैसे कुणी दिले, हे नंतर. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलं, की नाव बदललेलं नसेल तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच राहते. आमच्या घरी जे घडलं ते याच नियमानं.

म्हणून विकताना हा क्रम पाळा :

• फॉर्म २९ दोन प्रतीत भरा. ही विकणाऱ्यानं आरटीओला दिलेली सूचना आहे. राज्यातच विक्री असेल तर १४ दिवसांत, राज्याबाहेर असेल तर ४५ दिवसांत द्यायची. ती आपण स्वतः द्या आणि पोच घ्या.

• फॉर्म ३० घेणाऱ्याचा. त्यावर गाडी नंबर, त्याचं नाव, पत्ता, तारीख भरल्याशिवाय सही करू नका. कोऱ्या फॉर्मवर सही म्हणजे कोऱ्या चेकवर सही.

• गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागते.

• स्टॅम्प पेपरवर विक्रीचा करार करा. गाडी, चेसी आणि इंजिन नंबर, रक्कम, ताबा दिल्याची तारीख आणि वेळ, दोन साक्षीदार. 'या वेळेनंतरच्या दंड, अपघात, गुन्ह्याला घेणारा जबाबदार' हे वाक्य लिहा. फक्त या करारावर विसंबून राहू नका, नाव बदललंच पाहिजे. पण पुढं काही झालं तर हाच कागद हातात राहतो.

• घेणाऱ्याचं आधार, फोटो आणि गाडीसोबत उभा असलेला फोटो मोबाइलमध्ये ठेवा. रक्कम शक्यतो बँकेत घ्या.

• चांगला मार्ग म्हणजे थोडा इसार घेऊन गाडी घरीच ठेवा. नाव बदललेलं ॲपवर दिसलं की उरलेले पैसे घ्या आणि गाडी द्या. खरा हौशी माणूस याला नाही म्हणत नाही, कारण त्यालाही कागद स्वच्छच हवे असतात.

गाडी खरोखरच भंगारात द्यायची असेल तरी आरसी तसंच पेटीत ठेवू नका. कायमची निकामी झालेली गाडी १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करायची असते. नाहीतर तुमच्या नंबरची पाटी कुठल्या गाडीवर फिरते ते कळत नाही.

'व्हिंटेज' म्हणजे नेमकं काय?

हल्ली कुणीही पंधरा वर्षांच्या गाडीला व्हिंटेज म्हणतो. सरकारच्या २०२१ च्या नियमात व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात असलेली गाडी. १९८५ ची आरएक्स १०० त्यात २०३५ नंतर येणार. साठच्या दशकातली जावा मात्र आजच बसते.

अशा गाडीच्या नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क आहे, ती दहा वर्षं चालते आणि पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. आधीच नोंदलेली गाडी आपला जुना नंबर ठेवू शकते. नवीन नोंदीत राज्याच्या अक्षरांपुढं 'व्हीए' येतं. विक्री झाली तर ९० दिवसांत कळवावं लागतं. पण एक लक्षात घ्या. व्हिंटेज नोंद झालेली गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामालाच रस्त्यावर काढता येते. तिच्यावर दूध घालता येणार नाही की शेताला जाता येणार नाही. रोज वापरायची असेल तर साधं रिपासिंगच बरं.

मॉडिफाय केलेल्या गाड्या

बुलेटची 'बॉबर' करणं, आरएक्सला मोठं बोअर किट घालणं, राजदूतची टाकी यामाहाला बसवणं, याचं खूळ पोरांत आहे. दिसायला देखणं असतं, पण कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं. बेकायदा बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. इंजिन बदलायचं किंवा रंग बदलायचा तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद हवी. फटफट आवाजाचे सायलेन्सर पोलिस काढून रोलरखाली घालतात, ते फोटो आपण पाहिलेच आहेत.

विक्रीच्या दृष्टीनंही सांगतो. मूळ गाडीला दहा गिऱ्हाइकं, मॉडिफायला एखादंच. फ्रेम कापलेली गाडी परत मूळ होत नाही. बदल करायचाच असेल तर काढलेले मूळ भाग पोत्यात बांधून माळ्यावर ठेवा.

घेणाऱ्या पोरांसाठी

उसाचं बिल आलं की आरएक्स घ्यायची, असं ठरवलेल्यांनी एवढं तपासा. चेसी नंबर हँडलखाली फ्रेमच्या मानेवर असतो, इंजिन नंबर क्रँककेसवर. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली की छाप उठतो. आरटीओवालेही असाच छाप घेतात. आकडे वाकडेतिकडे, खोली कमी-जास्त, आजूबाजूला ग्राइंडर फिरल्याच्या खुणा असल्या तर गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका. दुसऱ्या मॉडेलच्या फ्रेमवर आरएक्स १०० ची टाकी आणि स्टिकर लावलेल्या गाड्याही बाजारात आहेत. आरसीवरचं मॉडेल आणि सीसी वाचा.

दिल्ली भागात १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी असल्यानं तिकडच्या जुन्या गाड्या स्वस्तात इकडं येतात. मूळ एनओसी नसेल तर हात लावू नका. जुन्या गाडीलाही थर्ड पार्टी विमा आणि पीयूसी सक्तीचं आहे. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना एचएसआरपी नंबर प्लेटही लावायची आहे.

ॲपवर 'लष्करात आहे, बदली झाली, गाडी स्वस्तात देतो' अशी जाहिरात दिसली तर गाडी डोळ्यानं पाहिल्याशिवाय एक रुपया पाठवू नका. विकणाऱ्यांनीही लक्षात ठेवा, पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० नंबरवर फोन करा.

शेवटी

प्रत्येक जुनी गाडी विकलीच पाहिजे असं नाही. माझ्या एका शेजाऱ्यानं वडिलांची राजदूत रिपासिंग करून घेतली. पोळ्याला बैलांसोबत तिलाही धुऊन हळद-कुंकू लावतो आणि वर्षातून चार वेळा गावातून फिरवतो. आमची येझदी मात्र गेली. तिचा नंबर मी अजून अधूनमधून ॲपवर टाकून बघतो. आता तिथं दुसऱ्याचं नाव आहे, विमा चालू आहे. कुणीतरी नीट सांभाळतंय म्हणायचं.

तुमच्या गोठ्यात गाडी असेल तर आज संध्याकाळी दोन कामं करा. चेसी नंबरवरची धूळ पुसून तो आरसीशी जुळवा आणि नंबर ॲपवर टाकून बघा. गिऱ्हाईक नंतर बघता येईल. ही माहिती गावाच्या ग्रुपवर पाठवा, म्हणजे पुढचा पिकअपवाला पारावर येईल तेव्हा समोरच्या माणसाला आपल्या गाडीचं मोल माहीत असेल.